अल्बर्ट आइन्स्टाइन : वेळेआधी दिलेली प्रवेश परीक्षा



आइन्स्टाइन गणितात नापास झाले होते, हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं आहे. कधी शाळेच्या भिंतीवर, कधी निरोप समारंभाच्या भाषणात, तर कधी मोबाईलवर फिरत आलेल्या संदेशात. कमी गुण मिळालेल्या मुलाला धीर द्यायला हे वाक्य फार सोयीचं आहे. अडचण एवढीच की ते खरं नाही. आइन्स्टाइन गणितात कधीच नापास झाले नाहीत. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत त्यांनी कलनशास्त्र, म्हणजे आपल्याकडे अकरावी-बारावीला सुरू होणारं कॅल्क्युलस, स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतलं होतं.

पण एका परीक्षेत त्यांना अपयश आलं, हे मात्र खरं आहे. ती परीक्षा होती युरोपातल्या एका नामांकित तांत्रिक महाविद्यालयाच्या प्रवेशाची. तिथे बसायला अठरा वर्षं पूर्ण लागत. आइन्स्टाइन तेव्हा साडेसोळा वर्षांचे होते. शाळा अर्धवट सोडलेली, हातात शालान्त दाखला नाही, आणि घरच्यांना मुलगा लवकरात लवकर इंजिनिअर व्हायला हवा होता. ही गोष्ट आज आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, असं मला वाटतं. कारण पहिलीच्या प्रवेशावेळी जन्मतारखेवरून होणाऱ्या ओढाताणीपासून ते आठवीतच सुरू होणाऱ्या इंजिनिअरिंगच्या फाउंडेशन कोर्सपर्यंत, आपल्या घराघरात हाच प्रश्न चालू असतो : मुलाला थोडं लवकर पुढे ढकलावं की थांबावं?

चला तर मग, ही गोष्ट सुरुवातीपासून पाहू या.

विजेच्या कारखान्यातलं बालपण

अल्बर्ट यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतल्या उल्म या गावी झाला. वडिलांचं नाव हेरमान, आईचं पाउलिने. पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला आलं. १८८१ मध्ये धाकटी बहीण माया हिचा जन्म झाला.

अल्बर्टचे काका याकोब हे शिकलेले इंजिनिअर होते. वडील आणि काका दोघांनी मिळून म्युनिकमध्ये विजेच्या उपकरणांचा कारखाना काढला. डायनॅमो, मोजणीची यंत्रं, दिवाबत्तीची कामं असा तो धंदा होता. तो काळ लक्षात घ्या. वीज तेव्हा अगदी नवी गोष्ट होती. शहरांचे रस्ते गॅसच्या दिव्यांवरून विजेच्या दिव्यांवर येत होते. आज संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं जे वलय आहे, तेच तेव्हा विजेच्या इंजिनिअरिंगला होतं.

वडील हेरमान यांना स्वतःला गणिताची आवड होती, पण घरच्या परिस्थितीमुळे त्यांना पुढे शिकता आलं नव्हतं. आपल्याला जे जमलं नाही ते मुलाने करावं, आणि घरचा धंदाही सांभाळावा, असं त्यांना वाटणं अगदी स्वाभाविक होतं. असे वडील आपल्या पालकसभेतही असतात. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही.

चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी अल्बर्टला होकायंत्र दाखवलं. काहीही न टेकता सुई एकाच दिशेला कशी वळते, याचं त्याला विलक्षण नवल वाटलं. हे नवल त्यांना म्हातारपणीही आठवत होतं. आईने व्हायोलिन शिकायला लावलं. माक्स तालमुद नावाचा एक गरीब वैद्यकीय विद्यार्थी आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जेवायला यायचा. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी असत ना, अगदी तसंच. या विद्यार्थ्याने अल्बर्टला सोप्या भाषेतली विज्ञानाची पुस्तकं आणून दिली, बाराव्या वर्षी भूमितीचं पुस्तक दिलं. काही दिवसांतच मुलगा गणितात त्याच्या पुढे गेला.

शाळेत मात्र मन रमत नव्हतं. म्युनिकच्या लुइटपोल्ड गिम्नाझियम या शाळेत गुण चांगले मिळायचे, पण पाठांतर आणि कडक शिस्त त्याला मानवत नव्हती.

शाळा सुटली, दाखला राहिला

१८९३ च्या सुमारास म्युनिक शहराच्या दिवाबत्तीचं मोठं कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं आणि आइन्स्टाइन बंधूंचा धंदा बसला. १८९४ मध्ये कुटुंब इटलीला गेलं, आधी मिलान आणि मग पाव्हिया. पंधरा वर्षांच्या अल्बर्टला मात्र शाळा पूर्ण करण्यासाठी म्युनिकलाच नातेवाइकांकडे ठेवलं.

शिक्षणासाठी मूल घरापासून दूर ठेवणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आणि अशा मुलाचं काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. अल्बर्ट एकटा पडला. शाळेतल्या काही शिक्षकांशी पटत नव्हतं. शिवाय जर्मनीत राहिलं तर सक्तीची लष्करी सेवा समोर दिसत होती. शेवटी डिसेंबर १८९४ मध्ये त्याने डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळवलं, गणिताच्या शिक्षकांकडून आपलं गणित उत्तम असल्याचं पत्र घेतलं आणि सरळ इटलीत आईवडिलांच्या दारात येऊन उभा राहिला.

आता घरात काय झालं असेल, याची कल्पना करा. धंदा अडचणीत आहे, मुलगा शाळा सोडून आला आहे, आणि दाखला नसल्यामुळे विद्यापीठाची वाट बंद आहे. अल्बर्टने त्यांना सांगितलं की मी घरीच अभ्यास करतो आणि झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा देतो. या संस्थेत शालान्त दाखला नसलेल्यालाही प्रवेश परीक्षा देऊन जाता येत होतं. वाट होती, पण वयाची अट होती अठरा वर्षांची.

जाणकारांचा सल्ला

गुस्ताव मायर नावाचे कुटुंबाचे एक स्नेही झुरिकमध्ये होते. त्यांनी पॉलिटेक्निकचे प्रमुख आल्बिन हेर्ट्झोग यांना अल्बर्टविषयी पत्र लिहिलं. मुलगा असामान्य आहे, वयाची अट सोडून परीक्षेला बसू द्यावं, अशी विनंती होती.

हेर्ट्झोग यांचं सप्टेंबर १८९५ मधलं उत्तर प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावं असं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : मुलगा कितीही हुशार असला तरी ज्या शाळेत शिक्षण सुरू केलं, ते मध्येच तोडून त्याला बाहेर काढणं आपल्या अनुभवाप्रमाणे हिताचं नसतं. त्याने शाळा पूर्ण करावी हेच बरं. तरीही घरच्यांचा आग्रहच असेल, तर वयाची अट बाजूला ठेवून परीक्षेला बसू देऊ.

बघा, त्यांनी दार बंद केलं नाही. आणि मुलाच्या हुशारीचं कौतुक ऐकून हुरळूनही गेले नाहीत. आपलं मत स्पष्ट सांगितलं आणि मग निर्णय घरच्यांवर सोपवला.

घरच्यांनी परीक्षा द्यायचं ठरवलं. वेळ आणि पैसा दोन्ही कमी होते, त्यामुळे त्यांच्या बाजूने हा निर्णय समजण्यासारखा आहे.

परीक्षा आणि निकाल

ऑक्टोबर १८९५ मध्ये परीक्षा झाली. इंजिनिअरिंगच्या शाखेत प्रवेश मिळावा, हा हेतू होता. गणित आणि भौतिकशास्त्राच्या भागात अल्बर्टची उत्तरं इतकी चांगली होती की भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिश वेबर यांनी, झुरिकमध्ये राहणार असशील तर माझ्या वर्गात येऊन बसायला हरकत नाही, असं कळवलं. पण परीक्षेचा दुसरा भाग होता सामान्य ज्ञानाचा. त्यात भाषा होत्या आणि इतर विषयही होते. तिथे तो कमी पडला आणि प्रवेश मिळाला नाही.

कारण सरळ आहे. गणित हा विषय एकट्याने पुस्तक घेऊन बसलं तर खूप पुढे नेता येतो. पण भाषा, इतिहास, जीवशास्त्र यांना वर्ग लागतो, संवाद लागतो, वेळ लागतो. शाळेची जी वर्षं त्याने वगळली होती, नेमकी त्याच वर्षांची उणीव परीक्षेत दिसली. एका विषयात चार वर्षं पुढे असलेलं मूल सगळ्याच बाबतीत चार वर्षं पुढे असतं असं नाही, हे आपण वर्गात रोज पाहतो. दुसरीतलं एखादं पोर चौथीची गणितं सोडवतं, पण डबा सांडला की रडायला लागतं. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतात.

हेर्ट्झोग यांनी नकार देताना पुढची वाटही दाखवली. झुरिकच्या पश्चिमेला आराऊ नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या कँटोनल शाळेत वर्षभर शिकून दाखला घे, असं त्यांनी सुचवलं. हा दाखला असला की प्रवेश परीक्षेची गरजच नव्हती.

आराऊचं वर्ष

आता पालकांच्या भाषेत बोलायचं तर मुलाचं एक वर्ष वाया गेलं. पण हे वाया गेलेलं वर्ष कसं होतं ते पाहा.

आराऊमध्ये अल्बर्ट योस्ट व्हिंटेलर या शिक्षकांच्या घरी राहिला. घरात सात मुलं, जेवणाच्या टेबलावर गप्पा, वादविवाद, संगीत, डोंगरात भटकंती. म्युनिकला एकटा पडलेला मुलगा इथे घरचाच झाला. हे नातं पुढेही टिकलं. बहीण माया हिचं लग्न याच घरातल्या पाउलशी झालं.

शाळाही वेगळी होती. स्वित्झर्लंडमधले थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोझी यांच्या विचारांचा तिथे प्रभाव होता. डीएड करताना आपण सगळ्यांनी पेस्तालोझी परीक्षेपुरते पाठ केलेले असतात. आधी निरीक्षण, मग प्रतिमा, मग शब्द आणि सूत्र, अशी ती पद्धत. घोकंपट्टीपेक्षा डोळ्यांसमोर चित्र उभं करण्यावर भर. प्रयोगशाळाही चांगली होती. शिक्षक मुलांना मोठ्या माणसांसारखं वागवत आणि प्रश्न विचारू देत.

याच आराऊमध्ये सोळा वर्षांच्या अल्बर्टच्या मनात एक चित्र आलं. आपण प्रकाशाच्या किरणामागे प्रकाशाच्याच वेगाने धावलो, तर तो किरण आपल्याला कसा दिसेल? थांबलेली लाट दिसेल का? उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न सुटला नाही. दहा वर्षांनी, १९०५ मध्ये, त्यातूनच विशेष सापेक्षता सिद्धांत आला. चित्र डोळ्यांसमोर आणून विचार करायला शिकवणाऱ्या शाळेत हे चित्र सुचलं, हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये शालान्त परीक्षा झाली. तिथे ६ हा सर्वोच्च गुण होता. बीजगणितात ६, भूमितीत ६, इतिहासातही ६. फ्रेंचमध्ये मात्र फक्त ३. गंमत म्हणजे त्याच शाळेत आधी १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सर्वांत कमी अशी पद्धत होती, आणि आइन्स्टाइन शिकत असतानाच ती उलटी केली गेली. गणितात नापास झाल्याची दंतकथा पसरण्याचं हे एक कारण सांगितलं जातं.

आणखी एक गोष्ट त्या वर्षात घडली, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. फ्रेंचच्या पेपरात भविष्यातल्या योजनांवर निबंध होता. त्यात अल्बर्टने लिहिलं की त्याला गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचं आहे आणि या विषयांचा शिक्षक व्हायचं आहे. इंजिनिअर नव्हे, शिक्षक! भाषेत चुका होत्या, पण मनात गोंधळ नव्हता. एक वर्षापूर्वी तो वडिलांच्या इच्छेने इंजिनिअरिंगच्या दारात उभा होता. वर्षभराने स्वतःला काय हवं ते त्याला कळलं होतं.

पुन्हा झुरिक

ऑक्टोबर १८९६ मध्ये अल्बर्टला झुरिक पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला, तोही गणित-भौतिकशास्त्राचे शिक्षक तयार करणाऱ्या विभागात. वय साडेसतरा. म्हणजे अठराला अजून सहा महिने बाकीच होते. नियम इथेही थोडा वाकला. म्हणून लवकर जाणं म्हणजे चूकच, असं मी म्हणणार नाही. फरक वयाच्या आकड्यात कमी आणि तयारीत जास्त होता.

घरची परिस्थिती तोवर आणखी बिघडली होती. पाव्हियातला कारखाना त्याच वर्षी बंद पडला. आईकडच्या नातेवाइकांनी महिन्याला १०० फ्रँक पाठवले, त्यावर चार वर्षं निघाली.

पुढचं सगळं सुरळीत झालं असंही नाही. अल्बर्ट वर्ग बुडवायचा आणि मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या वह्यांवर परीक्षा द्यायचा. प्रयोगाच्या एका विषयात त्याला सगळ्यात कमी, म्हणजे १ गुण मिळाला. १९०० मध्ये ६ पैकी ४.९१ अशा सरासरीने तो उत्तीर्ण झाला.

त्याच तुकडीत मिलेव्हा मारिच ही एकच मुलगी होती. मुलींना बंद असलेल्या वाटा एकेक परवानगी मिळवत उघडत ती इथवर आली होती. प्रवेशावेळी ती वीस वर्षांची होती, म्हणजे सगळ्या अटींत बसणारी. तरीही १९०० आणि १९०१ अशा दोन्ही वेळा तिला अंतिम परीक्षेत यश आलं नाही. पुढे १९०३ मध्ये ती आइन्स्टाइन यांची पत्नी झाली. केवळ वय पूर्ण असलं की सगळं जमतं, असा सोपा धडा या गोष्टीतून काढता येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पदवीनंतर आइन्स्टाइन यांना कुठेही सहायकाची जागा मिळाली नाही. काही काळ त्यांनी बदली शिक्षक म्हणून काम केलं, शिकवण्या घेतल्या. आपल्यापैकी कितीतरी जणांनी असे दिवस काढलेले आहेत! शेवटी ग्रोसमानच्या वडिलांच्या शिफारशीने १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी लागली. तिथे लोकांनी शोधलेली यंत्रं तपासायची होती. डायनॅमोच्या आवाजात वाढलेल्या या माणसाला यंत्रांची भाषा येतच होती. इंजिनिअरिंग असं वेगळ्या दाराने परत आलं. वडिलांना मात्र पुढचं काही पाहता आलं नाही. हेरमान यांचं निधन १९०२ मध्येच झालं.

१९०५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आइन्स्टाइन यांचे ते प्रसिद्ध शोधनिबंध आले. १९१२ मध्ये ते झुरिकच्या त्याच संस्थेत प्राध्यापक झाले, जिने सतरा वर्षांपूर्वी त्यांना नकार दिला होता. १९२१ सालचा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १८ एप्रिल १९५५ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

आपण यातून काय घ्यायचं?

पालकहो, प्रवेश परीक्षेत अपयश आलेलं प्रत्येक मूल आइन्स्टाइन होत नाही. तशी खोटी आशा मुलांना दाखवू नये. पण मुलाला लवकर पुढे पाठवायचं का, हा प्रश्न घरात आला तर या गोष्टीवरून चार गोष्टी स्वतःला नक्की विचारता येतील.

१) मूल एका विषयात पुढे आहे की सगळ्याच बाबतीत? भाषा, लेखन, मित्रांशी वागणं, एकटं राहणं, हेही पाहा.

२) घाई कोणाची आहे? मुलाची, की आपल्या पैशांची, धंद्याची, राहून गेलेल्या स्वप्नांची? आपली असली तरी गुन्हा नाही, पण ती आपली आहे हे मान्य करायला हवं.

३) नकार आला तर पुढे काय? आइन्स्टाइन यांना आराऊ मिळालं. आपल्या मुलासाठी असं दुसरं दार आधीच शोधून ठेवलंय का?

४) थांबायचं ठरलं, तर ते वर्ष कसं जाणार आहे? नुसतं थांबून काही होत नाही. माणसं चांगली आणि शाळा चांगली असेल तरच थांबण्याला अर्थ आहे. तेच वर्ष पुन्हा त्याच प्रश्नपत्रिका घोकण्यात गेलं, तर मूल फक्त एक वर्षाने थकतं.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी या गोष्टीत हेर्ट्झोग आहेत. हुशार मुलाच्या पालकांना थांबा म्हणून सांगणं अवघड असतं. ते स्पष्ट सांगणं, तरीही मुलाला संधी देणं, आणि नकार देताना पुढच्या शाळेचं नाव हातात ठेवणं, एवढं आपल्यालाही करता येईल.

वर्गात कसं घ्याल? (इयत्ता ५ वी ते ७ वी)

- नकाशात उल्म, म्युनिक, पाव्हिया, आराऊ, झुरिक, बर्न शोधून रेषेने जोडायला सांगा.
- १८७९ ते १९०५ ची कालरेषा फळ्यावर काढा. प्रत्येक घटनेपुढे आइन्स्टाइन यांचं वय मुलांना वजाबाकीने काढू द्या.
- एकच गुणपत्रक दोनदा वाचायला द्या : एकदा ६ म्हणजे उत्तम धरून, एकदा १ म्हणजे उत्तम धरून. माहिती तपासल्याशिवाय मत बनवलं तर काय होतं, हे मुलं स्वतःच सांगतील.
- माझ्या भविष्यातल्या योजना या विषयावर दहा ओळी लिहून घ्या. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी लाल करू नका. आधी मुलाने काय लिहिलंय ते वाचा.